घरच्या औषधांची पिशवी

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र मध्यंतरी आले. त्या लिहितात, "ताई, सासऱ्यांना न्यूमोनिया झाला म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये ठेवले आहे. वय ८१. रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या त्यांना बारा वर्षांपासून चालू आहेत. इथल्या सिस्टर म्हणतात, बाहेरचे एकही औषध चालणार नाही, सगळे आमच्याच दुकानातून घ्यावे लागेल. घरी दीड महिन्याच्या गोळ्या भरून ठेवल्या आहेत, त्या काय फेकून द्यायच्या? सासूबाईंनी त्यातल्या थोड्या पिशवीत घालून आणल्या आहेत. पिशवी उशीखाली असते. सिस्टर गेल्या की त्या गुपचूप गोळी देतात. कायद्याने आम्हाला असे अडवता येते का?"

प्रश्न कायद्याचा आहे, आणि त्याचे उत्तर पुढे देतेच. पण माझी नजर अडली ती 'उशीखाली' या शब्दावर. पत्र हाती पडेपर्यंत चार दिवस उलटून गेले होते. खाली फोन नंबर होता म्हणून त्याच दुपारी फोन लावला आणि त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. पिशवी आत्ताच्या आत्ता सिस्टरच्या हातात द्या, आणि आजपासून घरच्या माणसाने स्वतःच्या मनाने एकही गोळी सासऱ्यांच्या तोंडात घालू नका.

इतकी घाई मला का झाली, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आत्याला ताप आला, खोकला वाढला, म्हणून तिला तालुक्याच्या गावातील एका नर्सिंग होममध्ये दाखल केले. तेव्हा ती ७८ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा, मला फोन आला. "ताई, इथे सगळं त्यांच्याच मेडिकलमधून येतं. आपण विचारायच्या आत बिलावर चढलेलं असतं. घरी यांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या पडून आहेत. काय करू?"

मी फार्मासिस्ट. सत्तावीस वर्षे औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली बाई. त्या दिवशी मला त्या बिलाचाच राग आला. मी म्हटले, "कशाला दुप्पट पैसे घालवता? बीपीच्या आणि साखरेच्या घरच्याच द्या."

यापुढे आणखी एक वाक्य बोलायला हवे होते, "आणि तसे सिस्टरला सांगून केसपेपरवर लिहून घ्या." ते माझ्याकडून राहिले. वहिनीने त्या सकाळपासून घरच्या डब्यातून गोळ्या द्यायला सुरुवात केली. नर्सिंग होमच्या गोळ्याही येतच होत्या. कात्रीने पाकिटातून कापलेल्या, नाव अर्धवट राहिलेल्या, प्लास्टिकच्या झाकणात घातलेल्या त्या सुट्या गोळ्या तापाच्या आणि खोकल्याच्या असणार, असे वहिनी धरून चालली. त्यातली एक छोटी गोळी ग्लिमेपिराइड होती. घरच्या डब्यातल्या साखरेच्या गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी दोन औषधे एकत्र होती. म्हणजे दोन दिवस आत्याच्या पोटात ग्लिमेपिराइडचा दुप्पट डोस जात होता. आणि तापाने तोंडाची चव गेलेली आत्या दिवसभरात दोन घोट चहा आणि अर्धी वाटी पेज यापलीकडे काही खात नव्हती.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास ती बरळू लागली. गेलेल्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, हाका मारत होती. अंगावरचा कपडा घामाने भिजला होता. वहिनीला वाटले, ताप उतरतो आहे म्हणून घाम आला. तिने पदराने कपाळ पुसले आणि देवाचे आभार मानले. बेडपॅन द्यायला आलेल्या आयाबाईंनी आत्याच्या हाताला हात लावला आणि त्या म्हणाल्या, "अहो, बाईंचं अंग गार पडलंय, ही तापाची गत नाही." त्या सिस्टरला बोलवायला धावल्या. रक्तातील साखर तपासली, ती ३४ निघाली. सत्तरच्या खाली गेली की ती कमी समजतात, आणि चौतीस म्हणजे मेंदूला इंधन न मिळण्याची अवस्था.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत आत्याने डोळे उघडले आणि चहा मागितला. सगळ्यांना हायसे वाटले. पण सकाळी अकरा वाजता पुन्हा तोच प्रकार. ग्लिमेपिराइड हे दिवसभर काम करणारे औषध आहे. रुग्ण जेवला आहे की उपाशी आहे याची त्याला फिकीर नसते, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतच राहते. म्हातारपणी मूत्रपिंडे मंदावलेली असली तर ते शरीरातून लवकर बाहेरही पडत नाही. म्हणून एकदा ग्लुकोज देऊन भागत नाही. चोवीस तास, कधी त्याहून अधिक वेळ, दर थोड्या वेळाने साखर तपासत बसावे लागते. डॉक्टरांनी ते केले. आत्या वाचली, आज ८१ वर्षांची आहे आणि त्या रात्री भावाशी मनसोक्त गप्पा झाल्या म्हणून मजेत सांगते.

वहिनी मात्र त्यानंतर कित्येक महिने त्या डब्याला हात लावेना. गोळ्या आतेभाऊ काढून द्यायचा. पंधरा वर्षांत जिने सासूचा एक डोस चुकवला नाही, तिच्याच हातून हे झाले. किंबहुना डोस न चुकवण्याच्या त्या सवयीमुळेच झाले. चूक माझी होती असे मी तिला तीन-चारदा सांगितले. ती नुसती मान हलवायची.

आता कायद्याकडे वळू. नर्सिंग होमच्याच दुकानातून औषध घेतले पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. औषधे कोठून घ्यायची आणि तपासण्या कोठे करायच्या हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला आहे, असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ही सनद २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवली. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा मूळचा १९४९ सालचा. त्याचे नियम २०२१ साली सुधारले, तेव्हा रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे त्यात आले. सर्वोच्च न्यायालयापुढेही हा विषय गेला होता. कर्करोगाच्या महागड्या औषधांचा अनुभव घेतलेल्या एका कुटुंबाने याचिका केली होती. ४ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ती निकालात काढली. सगळ्या देशासाठी बंधनकारक हुकूम काढण्याऐवजी राज्यांनी योग्य ते धोरण ठरवावे, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा बडोद्याच्या भगिनींना 'बाहेरचे चालणार नाही' असे सरसकट सांगणे बरोबर नव्हते. त्यांनी सनदेचा आधार घेऊन मालक डॉक्टरांशी बोलावे, शक्यतो लेखी.

पण एक फरक ध्यानात घ्या. औषध कोठून विकत घ्यायचे हा हक्क तुमचा. ते कोणी, केव्हा आणि कशाबरोबर द्यायचे हे मात्र वॉर्डात एकाच माणसाच्या हाती असले पाहिजे, आणि तो माणूस म्हणजे हातात चार्ट असलेली सिस्टर. परिचारिकांना शिकतानाच पाच गोष्टी पाठ करायला लावतात, योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. उशीखाली दुसरा दवाखाना चालू असला तर या पाचांपैकी एकही गोष्ट तिला सांभाळता येत नाही. सिस्टर 'बाहेरचे नको' म्हणते तेव्हा प्रत्येक वेळी ती दुकानाचा गल्ला भरत असते असेही नाही. कधी कधी तिला खरेच भीती वाटत असते, पण ती नीट शब्दांत सांगायला वेळ नसतो. आणि आपल्याला बिल आधी दिसते. मलाही तेच आधी दिसले होते.

आपल्याकडे या गोंधळात भर घालतात ती नावे. एकाच औषधाला दहा कंपन्यांची दहा नावे. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल, मेटासिन ही चार भावंडे नव्हेत, चारही पॅरासिटामॉलच. नर्सिंग होममध्ये तापासाठी शिरेतून पॅरासिटामॉलची बाटली चालू असते, आणि इकडे मुलगा खिशातली डोलो काढून देतो, कारण 'इथे तापाची गोळीसुद्धा देत नाहीत'. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम धरतात. काटकुळ्या म्हाताऱ्या माणसाला किंवा यकृत बिघडलेल्याला ती त्याहून कमी. मग नावापुढची ती अक्षरे. टेल्मा ४० म्हणजे फक्त टेल्मिसार्टन. टेल्मा एएम म्हटले की त्यात अॅम्लोडिपीनही आले, आणि टेल्मा एच म्हटले की लघवी वाढवणारे औषध. घरातला माणूस डॉक्टरांना सांगतो, 'टेल्मा चालू आहे'. डॉक्टर साधी टेल्मा समजतात, रक्तदाब जास्त दिसला म्हणून अॅम्लोडिपीन वेगळी लिहितात, आणि उशीखालून टेल्मा एएम जातच असते. तिसऱ्या दिवशी रुग्ण संडासला जाताना चक्कर येऊन पडतो.

म्हणून गोळीचे नाव तोंडी सांगू नका. रंगही सांगू नका. 'ती गुलाबी, छोटी, जेवणाआधीची' या वर्णनावर मी काउंटरमागून सत्तावीस वर्षे डोके खाजवले आहे. पाकीटच दाखवा, आणि ज्या बाजूला औषधाचे मूळ नाव बारीक अक्षरात असते ती बाजू कापून टाकू नका.

इन्शुलिनचे प्रकरण तर याहून नाजूक. आपल्या देशात इन्शुलिनच्या साध्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमध्ये घालायची कार्ट्रिज मात्र १०० युनिटची, आणि काही बाटल्याही १०० युनिटच्या मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. घरी पेन वापरणाऱ्या बाईला रात्री दवाखान्यात नेले, पेनची सुई सापडेना, म्हणून कोणीतरी कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढले आणि २० च्या रेघेपर्यंत भरले, तर किती गेले? अर्धा मिलिलिटर, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. अडीचपट. उलट ४० ची बाटली आणि केशरी टोपण असे जुळले तर २० च्या रेघेला जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर खाली येईना म्हणून सगळे चक्रावतात. घरून इन्शुलिन नेत असाल तर बाटली, पेन, सुया आणि सिरिंजा असा सगळा संच न्या, आणि किती युनिट, केव्हा, हे कागदावर लिहून द्या. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढू देऊ नका.

काही औषधे लपवली जातात ती पैशांसाठी नव्हे, तर संकोचापोटी. कोणा वैद्याचा काढा असतो, कोणा बाबांची पुडी असते, शेजारणीने दिलेले चूर्ण असते. डॉक्टर रागावतील म्हणून कोणी बोलत नाही. माझा आयुर्वेदावर राग नाही, घरात मीही आले-तुळशीचा काढा करते. पण सांधेदुखीवरच्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. अशी पुडी वर्षभर घेतलेल्या माणसाला दाखल केल्यावर ती अचानक बंद झाली, तर त्याचा रक्तदाब ढासळतो, उलट्या होतात, तो गळून जातो, आणि डॉक्टर कारण शोधत बसतात. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल घेतली जात होती. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद तज्ज्ञांना करू द्या. आपण एवढेच करायचे, जे पोटात जाते ते सगळे सांगायचे. चांगला डॉक्टर असेल तर तो क्षणभर कपाळाला आठ्या घालील आणि लिहून घेईल.

शस्त्रक्रिया व्हायची असेल तेव्हा तर एक गोळीही लपवू नये. आजोबा पडले, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन ठरले. त्यांना चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे आणि ते रोज इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सुई हातात घेण्याआधी कळायला हवे. रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की थांबवायची, थांबवायची तर किती दिवस, हे त्यांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचे असते. घरच्यांनी आपल्या मनाने ती बंद करणे स्टेंटवाल्या माणसाला तितकेच धोक्याचे आहे.

संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दाखल करताना घाईत सांगितलेल्या यादीत ती 'रोज' म्हणून लिहिली गेली आणि रोज दिली गेली, असे प्रकार जगभर घडले आहेत. तोंड सोलवटते, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावतोही. तुमच्या घरी ही गोळी असेल तर पाकिटावर पेनाने वार लिहून ठेवा. 'रविवार' एवढे पुरे.

आता उलटी बाजू. दोनदा दिल्याने जसा घात होतो, तसा न दिल्यानेही होतो. नवा आजार मोठा असला की जुना विसरला जातो. थायरॉइडची गोळी, फिट येऊ नये म्हणूनची गोळी, काचबिंदूचे थेंब, दम्याचा पंप या गोष्टी चार्टवर चढतच नाहीत. कंपवाताच्या रुग्णाची गोळी तर घड्याळ लावून द्यावी लागते. ती दोन दिवस चुकली की माणूस लाकडासारखा ताठ होतो, गिळताही येईना होते, आणि नातेवाईक म्हणतात, 'दवाखान्यात आणल्यावर जास्तच बिघडले'. उशीखालची पिशवी टेबलावर आली की दोन्ही चुका दिसू लागतात. दाखल करतानाच घरची सगळी औषधे आणि डॉक्टरांचा चार्ट शेजारी ठेवून एकेक जुळवून पाहायचे, एवढेच काम आहे. त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. तेव्हा तीन गोष्टींवर विशेष भर दिला होता, धोक्याच्या परिस्थिती, एकाच माणसाला चालू असलेली पुष्कळ औषधे, आणि रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो काळ. घरातून नर्सिंग होममध्ये आणि तिथून पुन्हा घरी, हे आपल्या परिचयाचे दोन उंबरठे त्यातच आले.

जुळवणी झाली की डॉक्टरांना सरळ विचारा, "यातल्या कोणत्या घरच्या द्यायच्या, कोणत्या तुमच्याकडच्या, कोणत्या तूर्त बंद?" उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. घरच्या चालतील असे ठरले तर त्या सिस्टरच्या ताब्यात द्या, रुग्णाच्या नावाची चिठ्ठी चिकटवून. डोस तिच्याच हातून जाऊ द्या. सुटी गोळी झाकणात आली तर "ही कशाची?" म्हणून विचारायला लाजू नका. त्या रात्रीनंतर आमची वहिनी हा प्रश्न सगळ्यांना विचारते, अगदी पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बाईंनासुद्धा.

बाहेरून विकत आणताना तुमचीही काही जबाबदारी येते. बिल घ्या. बिलावरचा बॅच नंबर आणि मुदत पाकिटावरच्याशी जुळते का ते पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणे सक्तीचे झाले आहे. मोबाइलने तो पाहिला की कंपनी, बॅच, मुदत दिसते. थंडीत ठेवायची इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात राहायला हवीत. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून आणलेले इन्शुलिन नर्सिंग होमने नाकारले, तर त्यांचे बरोबर आहे, वाद घालू नका. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, पण बाटली बर्फाला थेट चिकटू देऊ नका, कारण गोठलेले इन्शुलिनही वाया जाते. रुग्णाला नाकातून नळी घातली असेल तर घरच्या गोळ्या कुटून देण्याआधी नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, सीआर अशी अक्षरे आहेत का ते पाहा. या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम जातो.

डिस्चार्जच्या दिवशी नेमका सगळा धडा विसरला जातो. बिल भरायचे असते, रिक्षा थांबवलेली असते, आणि हातात एक नवी यादी पडते, नव्या नावांची. घरी जुना डबा वाट पाहतच असतो. मग नव्या गोळ्याही सुरू आणि जुन्याही. रिक्षा दहा मिनिटे थांबेल. यादी घेऊन पुन्हा एकदा बसा आणि जुन्यातल्या कोणत्या बंद, हे त्याच कागदावर लिहून घ्या. बंद झालेल्या गोळ्या 'पुढे लागतील' म्हणून डब्यात ठेवू नका.

वृद्धाश्रमांविषयी वेगळे लिहावे लागेल, पण एक गोष्ट इथेच सांगते. तिथे पुष्कळदा प्रशिक्षित परिचारिका नसते, गोळ्या काढून देणारी एखादी मावशी असते. रविवारी भेटायला गेलेला मुलगा फळांबरोबर कॅल्शियमच्या गोळ्या देऊन येतो. मावशी त्या सकाळच्या थायरॉइडच्या गोळीबरोबरच देतात. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची, नाहीतर पहिलीचा गुणच येत नाही. दोन महिन्यांनी आई सुस्तावली, पाय सुजले, की मुलगा आश्रमाला दोष देतो. तेव्हा काहीही देऊन आलात तर मावशींच्या वहीत तारखेसह लिहून या.

औषधाने अपाय झाला असे वाटले तर तुम्ही स्वतःही कळवू शकता. भारत सरकारचा त्यासाठीचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि १८००-१८०-३०२४ हा त्याचा विनाशुल्क क्रमांक आहे. अर्थात रुग्ण घामाघूम होऊन बरळत असेल तर आधी हाक सिस्टरला. घरी असाल आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका.

बडोद्याच्या भगिनींचा आठवड्याने फोन आला. सासूबाई पिशवी द्यायला तयार नव्हत्या. सिस्टरने रागावू नये अशी अट घालून शेवटी त्यांनी ती दिली. पिशवीतून अकरा पाकिटे निघाली. दोन वेगळ्या नावांची पण एकाच रक्तदाबाच्या औषधाची होती, आणि ती दोन्ही सासरे घरीसुद्धा रोज घेत होते, एक जुन्या डॉक्टरांची आणि एक नव्या. एकाची मुदत उलटून गेलेली. प्रोस्टेटची गोळी मात्र नर्सिंग होमच्या चार्टवर चढलीच नव्हती, ती त्याच दिवशी लिहिली गेली. डॉक्टरांनी घरच्या तीन गोळ्या चालतील म्हणून सही करून दिली. बिलाचे काय झाले म्हणून मी विचारले, तर त्या म्हणाल्या, ते अजून चालू आहे, पण मालक डॉक्टर भेटायला तयार झाले आहेत.